पाण्यातला प्राणवायू आणि लोहाराचा मुलगा : मायकेल फॅरडे

एप्रिल २०२१ मध्ये करोनाची दुसरी लाट आली तेव्हा आपल्या हैदराबादेत ‘ऑक्सिजन’ हा शब्द लहान मुलांच्याही तोंडी बसला. बेगमपेट विमानतळावरून वायुदलाच्या विमानांनी रिकामे टँकर ओडिशाला नेले आणि तिकडून ते भरून आणावे लागले. त्या दिवसांत काही पालकांनी आणि वरच्या वर्गांतल्या मुलांनी आम्हांला एक प्रश्न विचारला होता. पाण्यात प्राणवायू असतो, विजेने पाण्याचे अपघटन होते, हे तर शाळेच्या पुस्तकातच आहे. मग तो घरच्या घरी का काढू नये?

विद्यार्थी मित्रांनो, प्रश्न चांगला आहे, आणि त्याचे उत्तर नुसते ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देता येत नाही. ते आकड्यांत द्यावे लागते. हे आकडे काढण्याचा नियम ज्यांनी शोधला ते मायकेल फॅरडे स्वतः एके काळी घरात, खिशातल्या नाण्यांवर असेच प्रयोग करत असत. म्हणून या अंकात त्यांचे चरित्र देत आहोत.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळच्या न्यूइंग्टन बट्स या भागात झाला. वडील जेम्स लोहारकाम करत. त्यांची प्रकृती नेहमी बिघडलेली असे, त्यामुळे कामाचे खाडे होत आणि घरात चार मुले. १८०१ साली धान्य महाग झाले तेव्हा मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येई आणि तो त्याला आठवडाभर पुरवावा लागे. शाळा म्हणाल तर वाचणे, लिहिणे आणि थोडे हिशेब, एवढ्यावरच ती संपली. गणित त्याला पुढे जन्मभर जड गेले. जगातल्या पहिल्या प्रतीच्या शास्त्रज्ञांत गणला जाणारा हा माणूस बीजगणिताची समीकरणे जवळजवळ वापरतच नसे, हे वाचून आमच्या काही वाचकांना बरे वाटेल! पण मोजमाप मात्र तो काटेकोर करी, हेही लगेच सांगून ठेवतो.

तेराव्या वर्षी तो जॉर्ज रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे पोऱ्या म्हणून लागला. त्या काळी वर्तमानपत्रे महाग असत, ती भाड्याने वाचायला देत. मायकेल ती घरोघर पोचवी आणि वाचून झाली की परत आणी. पुढच्या वर्षी, १८०५ मध्ये, रिबोंनी त्याला पुस्तकबांधणी शिकण्यासाठी सात वर्षांच्या उमेदवारीवर ठेवून घेतले, तेही फी न घेता. बांधायला आलेली पुस्तके मायकेल वाचू लागला. ब्रिटानिका विश्वकोशातला विजेवरचा लेख त्याने असाच वाचला. जेन मार्सेट या बाईंनी संवादरूपाने लिहिलेले रसायनशास्त्राचे पुस्तकही त्याच्या हाती पडले. त्यातले प्रयोग परवडतील तेवढे करून पाहायचे आणि खरे ठरतील तेवढेच मानायचे, अशी सवय त्याने लावून घेतली. दुकानाच्या मालकाने त्याला हे करू दिले, याचे श्रेय रिबोंना द्यायलाच हवे. पोऱ्या पुस्तके वाचतो म्हणून रागावणारे मालकही जगात कमी नाहीत.

१८१० मध्ये वडील वारले. त्याच सुमारास शहरात जॉन टेटम नावाचे गृहस्थ आपल्या घरी विज्ञानावर व्याख्याने देत. एका व्याख्यानाला एक शिलिंग पडे. मायकेलजवळ शिलिंग कुठला? थोरला भाऊ रॉबर्टही लोहारकामच करी, त्याने ते पैसे भरले.

आता विजेकडे वळू. १८०० साली इटलीतल्या व्होल्टा यांनी दोन निरनिराळ्या धातूंच्या चकत्या आणि मध्ये खाऱ्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठ्याचे तुकडे अशी चवड रचून पहिली बॅटरी तयार केली. त्याची बातमी लंडनला पोचताच निकल्सन आणि कार्लाइल या दोघांनी तशीच चवड रचली आणि तिच्या तारा पाण्यात सोडल्या. मे १८०० मध्ये त्यांना दोन्ही तारांपाशी काय घडते ते दिसले. एकीकडे हायड्रोजन निघत होता, दुसरीकडे प्राणवायू. पाणी हे मूलद्रव्य नाही हे रसायनशास्त्रज्ञांना आधी ठाऊक होते. विजेने ते सगळ्यांना डोळ्यांदेखत फोडून दाखवले.

१८१२ च्या उन्हाळ्यात, उमेदवारी संपत आली असताना, मायकेलने आपली स्वतःची चवड रचली. जस्ताचा पत्रा आणून त्याच्या हाफपेनीएवढ्या सात चकत्या कापल्या. तांब्याच्या चकत्यांसाठी वेगळा खर्च करायला नको म्हणून सात हाफपेनीची नाणीच घेतली. प्रत्येक जोडीच्या मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला कागद घातला. एवढ्याशा चवडीने त्याने मॅग्नेशियम सल्फेटच्या द्रावणाचे अपघटन करून दाखवले आणि बेंजामिन ॲबट या मित्राला लगेच पत्राने कळवले. सात नाणी आणि सात चकत्या, बस्स! आजच्या प्रयोगवहीत ‘साहित्य’ म्हणून लिहिले तर दोन ओळी होतील.

मग त्याने मोठी चवड रचली आणि पाण्याची पाळी आली. टाकीतले पाणी घेऊन त्यात तारा बुडवल्या. एका तारेपाशी पांढरट ढग उतरू लागला, दुसरीपाशी बुडबुडे सुटू लागले. पाणी फुटले! निदान त्याला पहिल्यांदा तसे वाटले. पण थोड्याच वेळात क्रिया मंदावली आणि तो विचारात पडला. टाकीच्या पाण्यात क्षार असतात. आपण पाहिले ते पाण्याचे अपघटन की क्षारांचे? आपला निष्कर्ष बहुधा घाईचा झाला, असे त्याने मित्राला मोकळेपणाने कळवून टाकले. वीस वर्षांचा मुलगा, पहिलाच मोठा प्रयोग, कौतुक करायला मित्र तयार, आणि हा स्वतःच शंका काढतो आहे. फॅरडे यांच्या सगळ्या चरित्रात आम्हांला ही गोष्ट फार मोठी वाटते. नळाच्या पाण्यात तारा घालून बुडबुडे दिसले की प्राणवायूच मिळाला असे समजणाऱ्यांनी ती जरूर ध्यानात घ्यावी.

त्याच वर्षी रिबोंच्या दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने मायकेलला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या सर हंफ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. डेव्हींनी विजेच्या साहाय्याने सोडियम आणि पोटॅशियम वेगळे केले होते. त्यांचे नाव सर्वतोमुखी होते. मायकेलने व्याख्यानांची टिपणे काढली, ती सुवाच्य अक्षरांत उतरवली, आकृत्या काढल्या, स्वतः बांधणी केली आणि ते पुस्तक डेव्हींकडे पाठवून काम मागितले. शिकलेला धंदा असा उपयोगी पडला. त्या सुमारास एका स्फोटात डेव्हींच्या डोळ्याला इजा झाली तेव्हा लेखनिक म्हणून काही दिवस त्याला बोलावले आणि १ मार्च १८१३ रोजी प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून नेमले. राहायला वरच्या मजल्यावर दोन खोल्या, कोळसा आणि मेणबत्त्या मिळणार होत्या.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात डेव्ही युरोपच्या प्रवासाला निघाले, तेव्हा फॅरडेही बरोबर गेले. लेडी डेव्ही त्यांना नोकरासारखे वागवीत, ते सोसावे लागले. पण १८१४ मध्ये मिलानला वृद्ध व्होल्टांची भेट झाली. नाण्यांची चवड रचणाऱ्या मुलाने त्या चवडीचा जनक पाहिला.

यापुढची वर्षे भराभर सांगतो, कारण त्यांवर पुष्कळ पुस्तके आहेत. १८२१ मध्ये सारा बर्नार्ड यांच्याशी लग्न झाले आणि दोघे रॉयल इन्स्टिट्यूशनच्या इमारतीतच राहू लागले. वर बिऱ्हाड, तळघरात प्रयोगशाळा. त्याच वर्षी विजेच्या तारेला चुंबकाभोवती फिरवून दाखवले. सगळ्या विद्युत मोटारींचे मूळ तेच. १८२५ मध्ये बेंझीनचा शोध लागला. १८३१ मध्ये चुंबकापासून वीज निर्माण केली, आणि आपल्याकडे नागार्जुनसागरच्या धरणावर जी वीज होते ती याच तत्त्वावर.

(घर आणि प्रयोगशाळा एकत्र असण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आपल्या शहरातही असे एक घर होते. निझाम कॉलेजचे पहिले प्राचार्य आणि सरोजिनी नायडू यांचे वडील डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय हे एडिंबरोचे रसायनशास्त्रातले डॉक्टर. त्यांच्या घरी किमयागारांची आणि पंडितांची वर्दळ असे आणि सोने करण्याचेही प्रयोग चालत. सोने झाले नाही ते नाहीच! पण त्या घराच्या नावाने ओळखली जाणारी नामपल्लीची ‘गोल्डन थ्रेशोल्ड’ वास्तू पुढे हैदराबाद विद्यापीठाची पहिली जागा झाली.)

१८३२ नंतर फॅरडे पुन्हा जुन्या प्रश्नाकडे वळले. विजेने पदार्थ फुटतो हे खरे, पण किती विजेने किती फुटतो? आधी त्यांनी हे दाखवले की चवडीची वीज, घर्षणाची वीज, चुंबकाची वीज या सगळ्या एकच आहेत. मग पाण्याला त्यांनी तराजूसारखे वापरले. खुणा केलेल्या काचेच्या नळीत सल्फ्युरिक आम्ल मिसळलेले पाणी, त्यात प्लॅटिनमचे पत्रे, आणि वर जमणारा वायू मोजायचा. एकाच प्रवाहाच्या वाटेत अशी अनेक भांडी एकापुढे एक जोडली. एकात पत्रे मोठे, दुसऱ्यात लहान. एकात आम्ल जास्त, दुसऱ्यात कमी. तरी सगळीकडे वायू सारखाच जमला. म्हणजे वायू किती निघणार हे भांड्यावर किंवा पत्र्यावर अवलंबून नाही. ते फक्त किती वीज वाहिली यावर ठरते. किराणा दुकानात एक वेळ घासाघीस होईल, इथे होत नाही.

एकदा मात्र नळीत जमलेला वायू आपोआप कमी होऊ लागला. नळी फुटकी नव्हती. फॅरडे शोध घेत गेले तेव्हा असे आढळले की स्वच्छ प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर हायड्रोजन आणि प्राणवायू पुन्हा एकत्र येऊन मुकाट्याने पाणी होत होते. १८३३ मध्ये त्यांनी यावर स्वतंत्र निबंध लिहिला. दोन्ही वायू एकाच नळीत गोळा केले तर ते पुन्हा एक व्हायला टपलेलेच असतात. कधी असे शांतपणे, तर कधी एका ठिणगीने स्फोट होऊन.

या कामासाठी नवे शब्द लागले. केंब्रिजचे विद्वान विल्यम ह्यूएल यांच्याशी पत्रव्यवहार करून ग्रीक भाषेतून ॲनोड, कॅथोड, आयन हे शब्द ठरले. आपण ॲनोडला धनाग्र आणि कॅथोडला ऋणाग्र म्हणतो. आयन या शब्दाचा अर्थ नुसता ‘जाणारा’. १८३४ मध्ये हे सगळे प्रसिद्ध झाले आणि विद्युत अपघटनाचे नियम फॅरडे यांच्या नावाने रूढ झाले.

आता सुरुवातीचा प्रश्न घेऊ. वही-पेन्सिल घ्या. प्राणवायूच्या एका रेणूमागे चार इलेक्ट्रॉन खर्च होतात आणि इलेक्ट्रॉनच्या एका मोलचा विद्युतभार सुमारे ९६,५०० कूलोंब असतो. याच आकड्याला फॅरडे स्थिरांक म्हणतात. त्यावरून हिशेब असा येतो की एक अँपिअरचा प्रवाह एक तास वाहू दिला तर सुमारे ०.२३ लिटर प्राणवायू मिळतो, म्हणजे चहाच्या मोठ्या पेल्याएवढा. मोबाइलचा दोन अँपिअरचा चार्जर तासभर लावला तर अर्धा लिटरही नाही. नुसते बसलेल्या मोठ्या माणसालाही दर मिनिटाला सुमारे पाव लिटर प्राणवायू लागतो. तेव्हा चार्जरची तासाभराची कमाई तो दोन मिनिटांतच संपवील.

रुग्णाला डॉक्टर मिनिटाला पाच लिटर लावायला सांगतात असे धरू. तासाला ३०० लिटर. त्यासाठी सुमारे १३०० अँपिअर प्रवाह सतत हवा. हुशार मुले म्हणतील की एका भांड्याऐवजी दहा भांडी एकापुढे एक जोडू, मग १३० अँपिअर पुरतील. बरोबर आहे, पण तितक्याच पटीने व्होल्ट वाढतात आणि विजेचा एकूण खर्च तोच राहतो. अगदी चांगल्या यंत्रातही एका भांड्याला दोन व्होल्टच्या आसपास लागतात, म्हणजे अडीच किलोवॉटच्या वर. याउलट पाच लिटरचे घरगुती ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर यंत्र तीनचारशे वॉटमध्ये काम करते, कारण ते काही फोडत नाही. हवेत प्राणवायू तयारच असतो. ते यंत्र झिओलाइटच्या खड्यांनी नायट्रोजन बाजूला काढते. सिलिंडरमधला प्राणवायूही मोठ्या कारखान्यांत हवा थंड करून, तिचा द्रव करूनच वेगळा काढतात. पाण्यात तो कमी आहे असे मुळीच नाही. लोटाभर, म्हणजे एक लिटर पाण्यात ६५० लिटरच्या वर प्राणवायू दडलेला असतो. सोडवण्याची किंमत मात्र जास्त आहे, आणि ती फॅरडे यांनी ठरवून दिली आहे.

किंमत देण्याची तयारी असली तरी धोका राहतोच. पालकांनी पुढचा भाग मुलांबरोबर बसून वाचावा.

३०० लिटर प्राणवायूबरोबर ६०० लिटर हायड्रोजन निघतो. दहा फूट लांब, रुंद आणि उंच अशा खोलीत सुमारे २८,००० लिटर हवा मावते. हवेत हायड्रोजन चार टक्के झाला की मिश्रण पेट घेऊ शकते. चार टक्के म्हणजे सुमारे ११०० लिटर. दारे-खिडक्या बंद असतील तर दोन तासांच्या आत सगळी खोली तिथवर येते, आणि हायड्रोजन हलका असल्यामुळे छताजवळ त्याआधीच. तिथे दिव्याचे बटण दाबले तरी ठिणगी पुरे.

दुसरी गोष्ट मिठाची. शुद्ध पाण्यातून वीज नीट वाहत नाही म्हणून पुष्कळ जण त्यात मीठ घालतात. मग धनाग्रापाशी प्राणवायूऐवजी बराचसा क्लोरीन निघतो. हा विषारी वायू आहे. फॅरडे यांनीच १८२३ मध्ये त्याचा द्रव केला होता, आणि त्या दिवसांतल्या एका स्फोटात त्यांच्या डोळ्यांत काचेचे तुकडे गेले होते. स्टीलचे चमचे धनाग्र म्हणून वापरले तर त्यातला क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतो. पेन्सिलीचे शिसे वापरले तर ते झिजते आणि थोडा कार्बन डायऑक्साइडही निघतो. घरगुती भांड्यातून निघालेला वायू शुद्ध प्राणवायू आहे हे नाकाने ओळखता येत नाही. म्हणून तो नाकाला लावू नये, रुग्णाला तर नाहीच. दम लागला तर डॉक्टरांकडेच जावे.

पाण्याच्या अपघटनाने मिळालेल्या प्राणवायूवर माणसे मुळीच जगत नाहीत असे मात्र नाही. पाणबुड्यांत आणि आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात हीच पद्धत वापरतात. तिथे दोन्ही वायू वेगवेगळे ठेवणारी यंत्रे असतात आणि नको असलेल्या हायड्रोजनची विल्हेवाट लावण्याची सोय असते. शिवाय बाहेरची हवा तिथे मिळतच नाही, त्यामुळे विजेचा खर्च परवडतो.

शाळेत प्रयोग जरूर करावा. नऊ व्होल्टची छोटी बॅटरी, चिमूटभर धुण्याचा सोडा घातलेले पाणी, दोन ग्रॅफाइटच्या कांड्या, पाण्याने भरून उपड्या ठेवलेल्या दोन परीक्षानळ्या, आणि शेजारी शिक्षक उभे. भिंतीतल्या प्लगला तारा कधीही जोडू नयेत; २३० व्होल्ट जीव घेतात. एका नळीत दुसरीच्या सुमारे दुप्पट वायू जमलेला दिसेल. प्राणवायूच्या नळीत जरा कमी भरेल, त्याचे कारण वर ग्रॅफाइटबद्दल लिहिले आहे त्यात शोधा. प्लॅटिनमचे पत्रे असते तर फरक कमी पडला असता. विश्वस्त मंडळींना हे वाक्य सहज लिहिले आहे असे वाटू नये!

फॅरडे स्वतः मुलांपुढे हेच करत. नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी व्याख्याने देण्याची प्रथा रॉयल इन्स्टिट्यूशनने १८२५ च्या सुमारास सुरू केली. फॅरडे यांनी १८२७ ते १८६० या काळात अशा एकोणीस माला गुंफल्या. त्यातली मेणबत्तीवरची माला सर्वांत गाजली. जळणाऱ्या मेणबत्तीतून पाणी कसे तयार होते ते आधी दाखवायचे, मग बॅटरी जोडून पाणी फोडायचे, त्यातला हायड्रोजन आणि प्राणवायू वेगवेगळे ओळखायचे, आणि शेवटी आपल्या श्वासापर्यंत यायचे, असा तिचा क्रम होता. १८६०-६१ च्या सुट्टीतल्या या व्याख्यानांचे पुस्तक १८६१ मध्ये निघाले आणि ते आजही मिळते. त्या वेळी त्यांचे वय एकोणसत्तर होते. १८३९ च्या आजारपणानंतर स्मरणशक्ती दगा देऊ लागली होती.

रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्यांना दोनदा देऊ केले होते, दोन्ही वेळा त्यांनी नको म्हटले. १८५८ पासून राणीने दिलेल्या हॅम्प्टन कोर्टच्या घरात ते राहू लागले. मूल नव्हते, सारा शेवटपर्यंत बरोबर होत्या. २५ ऑगस्ट १८६७ रोजी खुर्चीत बसलेल्या स्थितीत त्यांचे निधन झाले. लंडनच्या हायगेट स्मशानभूमीत त्यांना साध्या पद्धतीने पुरले आणि दगडावर नाव व जन्ममृत्यूच्या तारखा कोरल्या.